ओळखी, अर्ज आणि हातातला मोबाईल

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



‘सामाजिक माध्यमे आणि लेखन यांचा नोकरीसाठी उपयोग’ हा विषय कार्यवाहांनी आमच्या नावापुढे छापला, तेव्हा पत्रिका हातात घेऊन आम्हीच थोडे बिचकलो. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत लिपिक. संगणकातले तज्ज्ञ नव्हे. परंतु एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. नवी नोकरी लागलेली मुले पगाराचे खाते उघडायला आमच्याच खिडकीवर येतात. फॉर्म तपासताना आम्ही सहज विचारतो, “बाळा, ही जागा निघाल्याचे तुला कळले कुठून?” गेली कित्येक वर्षे हा प्रश्न आम्ही विचारत आलो आहोत, आणि त्या उत्तरांवरच आजचे हे बोलणे उभे आहे.

वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून अर्ज केला, असे सांगणारा आता क्वचितच भेटतो. कोणी म्हणतो, कॉलेजच्या सीनियरने लिंक पाठवली. कोणी म्हणतो, जुन्या कंपनीतला एक जण इकडे आला होता, त्याने माझे नाव दिले. एक मुलगी म्हणाली, “सर, मी लिंक्डइनवर होते, त्यांचाच मेसेज आला.” आणि आपल्या वस्तीतील मुलांना विचारले, तर बहुतेक जण म्हणतात, “काका, फॉर्म भरला होता, परीक्षा दिली, लागलो.” म्हणजे जिथे उघडी परीक्षा आहे तिथे आपली मुले पोहोचतात. जिथे परीक्षा नाही, जागा कानोकानी भरली जाते, तिथे आपली मुले दिसत नाहीत. हा फरक आम्हाला खिडकीच्या आत बसून दिसला.

आमचे स्वतःचे सांगतो. २०११ साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी लिपिकांच्या भरतीसाठी आयबीपीएसमार्फत एकच सामाईक परीक्षा सुरू केली. त्याआधी प्रत्येक बँक आपली जाहिरात आपण देत असे, आणि आम्ही ती वाचनालयात पेपरातून वहीत उतरवून घेत असू. त्या वर्षी नेहमीसारख्या जाहिराती येईनात, म्हणून आम्ही समजलो की भरती बंद आहे. वय तिशीला आले होते. सवलत धरून दोन-तीन वर्षेच हातात होती. एके दिवशी गुणपत्रिकेच्या प्रती काढायला तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराशी आमची ओळख ती काय, वर्षातून तीन-चार वेळा “दोन कॉपी द्या” एवढीच. तो म्हणाला, “तुम्ही बँकेचा फॉर्म भरला नाही का? आता सगळ्या बँकांचा एकच निघालाय. माझ्याकडे रोज पोरं येतात भरायला.” त्याच दुकानात, त्याच बाकड्यावर बसून आम्ही फॉर्म भरला आणि पुढच्या वर्षी बँकेत लागलो. घरच्यांनी आमच्यासाठी जीव टाकला, मित्रांनी फीचे पैसे उसने दिले. पण परीक्षेची बातमी आणली ती त्या झेरॉक्सवाल्याने.

आम्ही हे आमचे नशीब समजत होतो. पुढे कळले की यावर शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. त्यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरात, नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या सुशिक्षित माणसांना विचारले की, ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत होता? १९७३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण सहांत एकालाच ती आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. एका कट्ट्यावर बसणाऱ्या दहा जणांकडे मिळून एकच बातमी असते. नवी बातमी दुसऱ्या कट्ट्यावरून यावी लागते.

अलीकडे लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षे प्रयोग करून संशोधकांनी हेच तपासून पाहिले. तो अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. फार जवळचा नाही आणि अगदीच परकाही नाही, अशा मधल्या ओळखीचा नोकरी बदलण्यासाठी सर्वांत जास्त उपयोग होतो, असे त्यांना आढळले.

परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग इथे आठवतो. १९१७ साली बडोद्याला त्यांना किती अपमान सोसावा लागला, राहण्याची जागासुद्धा कशी सोडावी लागली, हे इथे कोणाला सांगायला नको. मुंबईला परत आल्यावर त्यांनी शेअर बाजारात गुंतवणूक करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि तो बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही स्थिती! नंतर १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या वेळी मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची लंडनमध्ये झालेली ओळख उपयोगी पडली, असे चरित्रकार सांगतात. विद्वत्ता तर होतीच. पण मुंबईतल्या कोणाला ती दिसली नाही, दूरच्या एका ओळखीने ती पुढे आणली. म्हणून, ओळखीचा उपयोग करणे म्हणजे वशिला लावणे, असा गैरसमज मनात असेल तर तो काढून टाका. लायकी नसताना जागा मिळवणे हा वशिला. लायकी आहे हे योग्य माणसाच्या कानावर जाणे ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्या मुलांची अडचण लायकीची नाही, कानाची आहे. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन या दोन विदुषींनी दिल्लीतील विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या दलित आणि बिगर-दलित विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण सारखे, विद्यापीठ सारखे. तरीही खाजगी नोकरीचा रस्ता दाखवणारे काका, मामा, वडिलांचे मित्र एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते. शिवाय मुलाखतीत “घरी कोण काय करते?” हा प्रश्न येतो. ज्याचे वडील अधिकारी तो खुशाल उत्तर देतो. ज्याची आई धुणीभांडी करते तो अडखळतो, आणि मुलाखत घेणारा समजतो की मुलाला आत्मविश्वास नाही.

हे काका-मामा आपल्याला जन्माने मिळालेले नाहीत. ते मिळवावे लागतात. मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे, आणि बाकीच्या उपयोगाविषयी आम्ही काही बोलत नाही, कारण रात्री दीड वाजेपर्यंत कोण काय पाहते ते पालकांना माहीतच आहे.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. लिंक्डइन हे २००३ पासून चालू असलेले संकेतस्थळ आहे. २०१६ साली ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. भरती करणारी माणसे तिथे उमेदवार कसे शोधतात हे समजून घ्या. ती तुमचे नाव टाकून शोधत नाहीत, कारण तुमचे नाव त्यांना माहीतच नाही. ती कामाचे नाव टाकतात: टॅली, जीएसटी, सीएनसी, वेल्डिंग, नर्सिंग, एक्सेल, आणि सोबत गावाचे नाव. तुमच्या नावाखालच्या ओळीत हे शब्द असतील तरच तुमचे पान वर येते. आपल्या मुलांची पाने आम्ही पाहिली. त्या ओळीत एकाने लिहिले आहे ‘विद्यार्थी’. दुसऱ्याने लिहिले आहे ‘नोकरीच्या शोधात’. तिसऱ्याने लिहिले आहे ‘अपना टाइम आएगा’. अरे बाबांनो, तो टाइम येईल कसा? तू काय करू शकतोस ते लिहिलेच नाहीस! ‘बी.कॉम., टॅलीवर सहा महिने काम केले, जीएसटीचे रिटर्न भरता येते, औरंगाबाद–वाळूज’ असे लिहा. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण शोधणारे अजून दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून दोन्ही लिहिलीत तरी चालेल.

ई-मेलच्या पत्त्याचेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी वाचनालयात बायोडाटा तपासायला बसलो होतो. एका हुशार, बहात्तर टक्के मिळवलेल्या मुलाच्या ई-मेलमध्ये ‘डॅशिंग किंग’ असे शब्द होते, पुढे तीन आकडे होते. फोटो गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेला. आम्ही विचारले तर म्हणाला, “काका, अकरावीत काढला होता पत्ता.” तो पत्ता मित्रांसाठी ठेवा. अर्जासाठी स्वतःच्या नावाचा, साधा, दुसरा काढा. पाच मिनिटांचे काम आहे आणि पैसे लागत नाहीत.

अनोळखी माणसाला तिथे पत्र कसे लिहावे, हे आपल्या मुलांना कोणी शिकवलेलेच नाही. ‘सर प्लीज जॉब द्या’ असे लिहिले की वाचणारा पुढे सरकतो. त्याच्या हातात नोकऱ्यांची पोतडी नसते. त्याऐवजी चार ओळी लिहा. मी अमुक शिकलो, तुम्ही ज्या विभागात आहात तिथेच मला काम शिकायचे आहे, सुरुवात करताना तुम्ही कोणता कोर्स केला, एवढे कळाले तर उपकार होतील. माणसाला नोकरी मागितली की तो संकोचतो, सल्ला मागितला की खुलतो. दहांतले सात उत्तर देणार नाहीत, हे धरून चाला. उरलेल्या तिघांना महिन्या-दोन महिन्यांनी कळवा की तुम्ही सांगितले तसे केले, कोर्स पूर्ण झाला. एवढ्या एका ओळीने माणूस तुम्हाला लक्षात ठेवतो.

सरकारी सोयीही याच मोबाईलमध्ये आहेत. केंद्राची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ साली सुरू झाली. राज्याचे महास्वयम् आहे. दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. पुण्याच्या बार्टीकडून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षांचे, बँकेच्या परीक्षांचेसुद्धा, प्रशिक्षण दिले जाते. त्याची सूचना कधी निघते, त्यावर लक्ष ठेवावे लागते. तारीख उलटून गेल्यावर फोन करणारे आम्हाला दरवर्षी भेटतात.

आता लेखनाकडे येतो. हा भाग आमच्या आवडीचा आहे, तेव्हा थोडा वेळ घेतला तर अध्यक्षांनी रागावू नये.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा ‘केसरी’ने छापली नाही. पत्र चालवायचे तर छपाई हवी, कागद हवा, टपालखर्च हवा. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली तेव्हा ते पत्र उभे राहिले. आज तुम्हाला ब्लॉग काढायला यातले काहीच लागत नाही. ब्लॉगर नावाची सोय १९९९ पासून आहे, वर्डप्रेस २००३ पासून आहे. दोन्हीकडे फुकट लिहिता येते, मराठीत लिहिता येते. जाहिरात घ्या म्हणून कोणाच्या दारात जावे लागत नाही.

पण लिहायचे काय? नोकरीसाठी लिहायचे असेल तर कविता आणि सुविचार बाजूला ठेवा. (कविता जरूर करा. आम्हीही केल्या आहेत, त्या संस्थेच्या जुन्या अंकात सापडतील. सापडल्या नाहीत तरी हरकत नाही.) जे काम शिकलात त्याविषयी लिहा. आपल्याच विहाराजवळ राहणारी एक मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली. वर्षभर घरी होती. वडील हमाली करतात, ओळख कोणाची नाही. तिला आम्ही सुचवले की, पिण्याचे पाणी कसे तपासतात ते आपल्या लोकांना समजेल असे मराठीत लिही. तिने लिहिले. हातपंपाच्या पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, बाटली आधी निर्जंतुक का करायची, नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत का पोचवायचा, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकल्यावर क्लोरीन उरले की नाही हे कसे पाहायचे. असे सात-आठ लेख झाले. वाचणारे किती? पहिल्या महिन्यात अकरा, त्यातले एक आम्ही. तिने त्याची लिंक लिंक्डइनवर ठेवली, आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांतील काही लोकांना ‘यात चूक असेल तर सांगावे’ म्हणून पाठवली. एका बाईंनी खरोखरच दोन चुका काढल्या. मुलीने त्या दुरुस्त केल्या, खाली त्यांचे आभार मानले. चार महिन्यांनी त्याच बाईंनी कळवले की आमच्याकडे सहायकाची जागा आहे, अर्ज करा. मुलाखत झाली. तिथे घरी कोण काय करते हे विचारले नाही, नमुन्याची बाटली कशी भरता ते विचारले. आज ती तिथे कामाला आहे. तिच्या पगाराच्या खात्याचा फॉर्म आम्हीच तपासला. त्या दिवशी आम्ही खिडकीवर जरा जास्तच वेळ लावला, रांगेतले लोक कुरकुरले.

प्रमाणपत्र सांगते की तुम्ही परीक्षा पास झालात. लेख सांगतो की तुम्हाला ते काम समजले आहे. आयटीआयच्या मुलाने घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंग कसे तपासायचे याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ केला तरी तो लेखच आहे. कला शाखेच्या मुलामुलींना तर याची अधिकच गरज आहे, कारण आपल्या पदवीवरून आपल्याला काय येते हे कोणालाच कळत नाही, कधी कधी आपल्यालाही नाही. भाषांतर येते का? दोन पानांचे भाषांतर करून ठेवा. मुद्रितशोधन येते? मग आपल्या ब्लॉगवर एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक ठेवू नका.

दोन पथ्ये मात्र पाळा. नोकरी लागल्यावर मालकाच्या आतल्या गोष्टी, ग्राहकांची माहिती, कामाच्या जागेचे फोटो टाकू नका. आम्ही बँकेत आहोत. कोणाच्या खात्यात काय आहे हे घरीसुद्धा बोलत नाही, तर लिहिणे दूरच. आणि दुसरे असे की, लिहिलेल्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. टिकटॉकवर आपल्या वस्त्यांतील कितीतरी गुणी मुलांनी नाव कमावले होते. २०२० च्या जूनमध्ये सरकारने बंदी घातली आणि एका रात्रीत सगळे गेले. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधले की पाडकामाची गाडी कधी येईल सांगता येत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता जे सांगायचे आहे ते सांगावे की नाही, असा आम्हाला प्रश्न होता. परवानगी घेऊन आलो आहोत, म्हणून सांगतो.

आमचा पुतण्या इंजिनिअर आहे. पुण्याला एका खाजगी कंपनीत आहे. ती नोकरी त्याला लिंक्डइनवरच्या ओळखीतून लागली. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो आम्ही फेसबुकवर टाकले. त्यात तो निळा फेटा बांधून लेझीम खेळत होता. आम्ही अभिमानाने त्याचे नाव जोडले. संध्याकाळी त्याचा फोन आला. “काका, फोटो राहू द्या, पण माझं नाव काढा ना. ऑफिसचे लोक जोडलेले आहेत.”

आम्हाला राग आला. खोटे कशाला बोला, फार राग आला. ज्यांच्यामुळे तू शिकलास त्यांचीच लाज वाटते का, असे बोलून गेलो. तो काही बोलला नाही. नाव आम्ही काढले, पण पुढचे चार महिने आमचे बोलणे नव्हते.

नंतर सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास आमच्या वाचनात आला. त्यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. शिक्षण, अनुभव तोलामोलाचे, फरक आडनावाचा. पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांना सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावांना सुमारे एक तृतीयांश. हे कागदावरच्या अर्जांचे झाले, जिथे फक्त आडनाव दिसत होते. आता तर अर्ज पाहणारा एक बोट फिरवून तुमची दहा वर्षे पाहतो. तुमचे मित्र, तुमचा विहार, तुमचा निळा फेटा. पोरगा भित्रा नव्हता. त्याने हिशेब केला होता, आणि तो हिशेब चुकीचा नव्हता.

मग मुलांना सांगायचे काय? जयभीम पुसून टाका? हे आमच्या तोंडून कधी निघणार नाही. पण सगळे उघड्यावर ठेवा, जे व्हायचे ते होऊ दे, असेही आम्ही सांगणार नाही, कारण आमची सरकारी बँकेतली नोकरी पक्की आहे, परिणाम आम्हाला भोगायचा नाही. धाडस दुसऱ्याच्या पगारावर करू नये. आम्ही एवढेच म्हणू की कोणते पान कोणी पाहावे हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे. फेसबुकच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. तुमचे नाव जोडलेली पोस्ट तुमच्या पानावर दिसण्याआधी तुमची परवानगी लागेल अशी व्यवस्था करता येते, ती करून घ्या. आणि आम्हा वडीलधाऱ्यांनी कोणाचे नाव जोडण्याआधी विचारावे. एक मात्र नक्की. भांडणात शिवीगाळ करू नका. जाती-धर्माच्या वादात रात्री अकरा वाजता लिहिलेली चार वाक्ये तीन वर्षांनी मुलाखतीच्या टेबलावर येतात. सम्यक् वाचा ही मोबाईलवरही पाळायची आहे.

पुतण्या यंदाच्या जयंतीला आला होता. त्याने स्वतःच आपल्या लिंक्डइनवर बाबासाहेबांच्या ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ सालच्या ग्रंथाविषयी दहा-बारा ओळी लिहिल्या. आम्ही त्यावर काही बोललो नाही. जेवायला मात्र शेजारी बसलो.

आता फसवणुकीविषयी. हे आम्ही बँकेतले म्हणून बोलणार, आणि पालकांनी विशेष लक्ष द्यावे. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर ‘घरबसल्या काम, व्हिडिओ लाईक करा, दिवसाला हजार रुपये’ असे संदेश येतात. पहिल्या दिवशी खरोखर दीडशे-दोनशे रुपये जमा होतात. मग सांगतात, मोठे काम हवे तर आधी दोन हजार भरा. ते भरले की पाच, मग वीस. खात्यावर नफा वाढताना दिसतो, काढायला गेले की निघत नाही. आमच्या समोर एका आईने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली, तेव्हा विचारूनही तिने कारण सांगितले नाही. मुलाने सांगू नकोस म्हणून बजावले होते. दोन दिवसांनी मायलेक रडत आले. असे झाले तर लाजू नका, तासभरसुद्धा थांबू नका, १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत थांबवता आले तरच आशा असते.

याहून वाईट प्रकार वेगळा आहे. ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.’ मुलगा एटीएम कार्ड आणि सिमकार्ड देऊन मोकळा होतो. त्याच्या खात्यातून दुसऱ्यांच्या चोरीचे पैसे फिरतात. मग परराज्यातील पोलिसांचे पत्र येते, खाते गोठते आणि नाव आरोपी म्हणून येते. ज्याला पुढे सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी द्यायची आहे, त्याने पाच हजारांत काय विकले याचा विचार करा.

परदेशी नोकरीच्या जाहिरातींचेही तेच. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून समाजमाध्यमांवरून मुलांना बोलावले आणि म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला डांबले, असे प्रकार घडल्यावर २०२२ साली परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर सूचना काढली होती. दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा, मग ते नोंदणीचे असोत, गणवेशाचे असोत की लॅपटॉपच्या अनामतीचे, तो मालक नव्हे. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला मित्राच्या वेशातले चार शत्रू सांगितले आहेत. नुसते घेणारा, नुसते बोलणारा, खुशामत करणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. आमच्या खिडकीवर आलेल्या तक्रारींत हे चारही कधी कधी एकाच मोबाईल क्रमांकामागे असतात.

शेवटी विद्यार्थ्यांशी नव्हे, पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या समवयस्क बांधवांशी थोडे बोलायचे आहे. राग मानू नये.

आपल्या संस्थेचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. सकाळी उठल्यावर त्यावर कमळाची आणि उगवत्या सूर्याची चित्रे येतात. गेल्या महिन्याभरात किती जागांची माहिती आली, ते आम्ही मोजले. दोन. त्यातली एक मुदत संपलेली होती. गेल्या वर्षी आपल्यातीलच एक जण जिथे मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारांची भरती झाली. आपल्या वस्तीत आयटीआय झालेली मुले घरी बसली होती. आम्ही नंतर त्यांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, मी पाठवली असती माहिती, पण माझ्या माणसांना आत घेतो असे कोणी म्हटले असते तर?” आम्ही गप्प बसलो. कारण ही भीती खरी आहे. दुसरा आपल्या भाच्याला लावतो तेव्हा त्याला संपर्क म्हणतात, आपण आपल्या वस्तीत नुसती जाहिरात दाखवली तरी त्याला जातीयवाद म्हणतात. परंतु बांधवांनो, जाहिरात उघड आहे. ती पुढे पाठवणे ही शिफारस नाही. मुलगा आपल्या गुणांवर अर्ज करील, निवडणारे निवडतील. तुम्ही फक्त झेरॉक्सवाला व्हायचे आहे.

कार्यवाहांशी बोलून आम्ही एक ठरवले आहे. नोकऱ्यांच्या माहितीसाठी वेगळा गट काढायचा. त्यावर शुभेच्छा, चित्रे, राजकारण काही नाही. माहिती टाकणाऱ्याने ती कोठून मिळाली हे लिहायचे, मूळ संकेतस्थळाचा पत्ता द्यायचा, शेवटची तारीख पहिल्या ओळीत. वाचनालयाची दोन मुले ती खरी की खोटी हे पाहून मगच पुढे पाठवतील. खाजगी कंपन्यांत असणाऱ्या, निवृत्त झालेल्या, परगावी गेलेल्या आपल्या माणसांची एक यादीही करत आहोत. ज्यांना मुलांच्या प्रश्नांना महिन्यातून एकदा उत्तर द्यायला जमेल त्यांनीच नाव द्यावे. नुसते यादीत नाव हवे म्हणून देऊ नये.

मागच्या दाराजवळ टेबल ठेवले आहे. चहा झाल्यावर आम्ही तिथे बसतो. बायोडाटा आणला असेल तर दाखवा, नसेल तर मोबाईल घेऊन या, तिथेच लिहू. यादीत नाव देणाऱ्यांसाठी वही त्याच टेबलावर आहे. वाचनालयाची खोली साडेसातला बंद होते, किल्ली आमच्याकडे नाही, तेव्हा पुढे बसलेल्यांनी आधी यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!